एक मूल, दोन वह्या : विशेष शिक्षण आणि एमएसडब्ल्यू यांची सांगड कशी घालावी

दिवाळी सरली की बीडकडच्या एखाद्या वस्तीवरच्या शाळेत तिसरीच्या हजेरीपटावर काही नावांपुढे 'गै' पडायला लागतं. त्यातलं एक मूल असं धरा : बौद्धिक अक्षमता, बोलणं जेमतेम दोन शब्दांचं, अधूनमधून फिट. विशेष शिक्षिकेने जुलैत त्याचा आयईपी, म्हणजे वैयक्तिक शैक्षणिक कार्यक्रम, लिहिलेला. दसऱ्यापर्यंत पोरगं चित्रावर बोट ठेवून पाणी मागायला लागलं होतं. मग ऊसतोडीच्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फेडायला आईबाप साखर कारखान्यावर निघाले. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, पण गाडीत पोरंही चढतात. एप्रिलात परत आलं तेव्हा चित्रपट्टी फडाजवळच्या कुठल्या तरी कोपीत, म्हणजे खोपटात, राहिलेली, फिटची गोळी मधेच बंद झालेली आणि पाण्याचं चित्र दाखवलं तर ते नुसतं हसतंय.

विशेष शिक्षिकेच्या वहीत या सहा महिन्यांची नोंद एका अक्षराची आहे. समाजकार्यकर्त्याच्या वहीत उचल आहे, स्थलांतर आहे, हंगामी वसतिगृह आहे, पण न बोलणारं आणि फिट येणारं मूल त्या वसतिगृहात पाणी कसं मागेल, हे नाही. ज्यांना या दोन वह्या एक करायच्या आहेत त्यांच्यासाठी हा लेख आहे. मी आधी विशेष शिक्षिका झाले आणि सहा वर्षांनी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, केलं. त्या सहा वर्षांत जे धडपडून कळलं ते इथे क्रमाने मांडते.

आधी ठरवा : दारावर पाटी कुठली लागणार

बरेच जण "दोन्ही केलं की स्कोप वाढतो" म्हणून येतात. थांबा. या दोन पदव्यांचं कायद्यातलं वजन सारखं नाही.

विशेष शिक्षण हा परवान्याचा व्यवसाय आहे. भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या, १९९२च्या कायद्यानुसार केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव असल्याशिवाय विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही. तसं केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असं त्या कायद्यात लिहिलेलं आहे. सर्वसाधारण समाजकार्याला असा परवाना देणारी राष्ट्रीय परिषद आपल्याकडे नाही. एमएसडब्ल्यूने पद मिळतं, नोंदणी क्रमांक मिळत नाही. शिवाय नुसत्या एमएसडब्ल्यूवर स्वतःला मनोविकार-समाजकार्यकर्ता म्हणवून घेता येत नाही. त्यासाठी पुढे एम.फिल. लागतं, हे मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या व्याख्येतच आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत : तुम्हाला मुलासमोर बसून शिकवायचं असेल तर विशेष शिक्षण हा पाया आणि एमएसडब्ल्यू हा वरचा मजला. हा क्रम उलटा केलेलेही लोक आहेत आणि चांगलं काम करताहेत. पण एमएसडब्ल्यू आधी झालं की एखाद्या संस्थेत प्रकल्प-समन्वयक म्हणून नोकरी लागते, पगार सुरू होतो आणि बी.एड.साठी दोन वर्षं बाजूला काढणं पुढे पुढे जातं. वर्गातून समाजकार्याकडे जाणाऱ्याला मात्र वर्गच ढकलत असतो. शंभर गृहभेटी झाल्या की प्रश्न आपोआप बदलतात.

कुठला अभ्यासक्रम, किती वर्षं

विशेष शिक्षणात शिरायला दोन दारं आहेत. बारावीनंतर दोन वर्षांचा डी.एड. (विशेष शिक्षण), किंवा पदवीनंतर दोन वर्षांचा बी.एड. (विशेष शिक्षण). पदवीधर असाल तर लोक सरसकट बी.एड. सुचवतात, आणि पुढे एम.एड. करायचं असेल तर ते बरोबरच आहे. पण पहिली ते पाचवीच्या मुलांना वाचायला, मोजायला, बटणं लावायला शिकवण्याचा हात डी.एड.मध्ये जास्त बसतो असं मला वाटतं. नोकरीची जाहिरात कुठल्या पदासाठी काय मागते, टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, लागते का, हे आधीच्या दोन-तीन जाहिराती काढून वाचा. कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबू नका.

दोन्हींत प्रवर्ग निवडावा लागतो : बौद्धिक अक्षमता, श्रवणदोष, दृष्टिदोष, अध्ययन अक्षमता, स्वमग्नता वगैरे. हे संस्थेगणिक वेगळं. तालुक्याच्या पातळीवर काम करायचं असेल तर बौद्धिक व विकासात्मक अक्षमता हा प्रवर्ग सगळ्यात जास्त उपयोगी पडतो, कारण गटसाधन केंद्राच्या, म्हणजे शाळांना मदत करणाऱ्या तालुका केंद्राच्या, यादीत अशी मुलं बरीच असतात आणि त्यातल्या अनेकांना एकाहून जास्त अडचणी असतात. मुंबई-पुण्याच्या खासगी शाळांत जायचं असेल तर अध्ययन अक्षमता घ्या.

त्यानंतर एमएसडब्ल्यू : दोन वर्षं, चार सत्रं, कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. म्हणजे पदवीनंतर एकूण चार वर्षं. मधे किमान दोन वर्षं शिकवा असं मी सांगेन. ही दोन वर्षं वाया जात नाहीत. एमएसडब्ल्यूच्या वर्गात 'केसवर्क', म्हणजे एकेका व्यक्तीसोबत आणि कुटुंबासोबत करायचं काम, शिकवायला लागतात तेव्हा ज्याच्या डोळ्यांसमोर खरी दहा घरं असतात त्याला तो विषय लगेच उलगडतो.

दोन्ही एकदम करता येतं का?

कागदावर, हो. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२मध्ये एकाच वेळी दोन पूर्णवेळ पदव्यांना परवानगी दिली. अट एवढीच की दोन्ही प्रत्यक्ष वर्गात असतील तर तासांच्या वेळा एकमेकींवर येऊ नयेत. नाहीतर एक प्रत्यक्ष आणि दुसरी दूरस्थ अशी जोडी लावता येते.

आता आठवडा मांडून बघा. एमएसडब्ल्यूचं क्षेत्रकार्य, म्हणजे वस्तीत किंवा संस्थेत जाऊन करायचं प्रत्यक्ष काम, साधारण आठवड्याचे दोन पूर्ण दिवस खातं. उरलेल्या दिवसांत तास, वैयक्तिक मार्गदर्शन आणि अहवाल. विशेष बी.एड.मध्ये पाठ, निरीक्षणं, शाळेतला सलग सराव, आणि हजेरीची अट कडक. सरावाच्या काळात सकाळी साडेसातला विशेष शाळेच्या दारात उभं राहायचं असतं. हे सगळं जो एका वर्षात बसवतो तो कुठे तरी खोट्या सह्या मारत असतो, आणि विशेष शिक्षणात खोटी सही म्हणजे एका मुलाचा बुडालेला तास.

जोडी लावायचीच असेल तर एकच मला पटते : विशेष शिक्षिकेची नोकरी चालू ठेवून दूरस्थ एमएसडब्ल्यू. इग्नूमध्ये ते किमान दोन आणि कमाल चार वर्षांत करता येतं. क्षेत्रकार्य तिथेही सुटत नाही, पण वेग आपल्या हातात राहतो. काही संस्था भरतीत नियमित पद्धतीचीच पदवी मागतात, एवढं ध्यानात असू द्या.

कॉलेज निवडताना

विशेष शिक्षणासाठी पहिली आणि शेवटची तपासणी एकच : त्या संस्थेला, त्या अभ्यासक्रमाला, त्या प्रवर्गाला आणि तुमच्या प्रवेशवर्षाला आरसीआयची मान्यता आहे का. मान्यता ठरावीक मुदतीची असते. "आमची मान्यता जुनी आहे" हे वाक्य ऐकलं की आरसीआयच्या संकेतस्थळावरची यादी उघडा. विद्यापीठाची संलग्नता ही वेगळी गोष्ट आहे, ती आरसीआयच्या मान्यतेची जागा घेत नाही. माझ्या एका वर्गमैत्रिणीच्या बहिणीने मान्यता संपलेल्या ठिकाणी दोन वर्षं घातली. तिच्याकडे गुणपत्रिका आहे, नोंदणी क्रमांक नाही.

महाराष्ट्रात जुन्या आणि नावाजलेल्या जागा आहेत. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचा विशेष शिक्षण विभाग, वांद्र्याची अली यावर जंग संस्था श्रवणदोषासाठी, आणि नवी मुंबईत बौद्धिक अक्षमतेवरच्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र. समाजकार्यासाठी मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६पासून आहे, निर्मला निकेतन १९५५पासून, पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था १९६३पासून. जिल्ह्याजिल्ह्यांतही समाजकार्य महाविद्यालयं आहेत आणि गावाकडे काम करणाऱ्याला तीच बऱ्याचदा सोयीची पडतात, कारण क्षेत्रकार्य आपल्याच तालुक्यात करता येतं.

एमएसडब्ल्यूला विशेषीकरण निवडताना 'कुटुंब व बालकल्याण' किंवा 'वैद्यकीय व मानसोपचार समाजकार्य' घ्या. मनुष्यबळ व्यवस्थापनाकडे पगार जास्त दिसतो आणि अर्धा वर्ग तिकडे वळतो. वळू द्या.

क्षेत्रकार्य : सगळी सांगड इथेच बसते

विशेष शिक्षकाने एमएसडब्ल्यूला आल्यावर एक मोह टाळायचा असतो : क्षेत्रकार्यासाठी पुन्हा विशेष शाळाच मागणं. कॉलेजलाही ते सोपं जातं, "तुम्हाला अनुभव आहेच" म्हणून. पण तिथे गेलात की पहिल्या आठवड्यात मुख्याध्यापक तुमच्या हातात वर्ग देतात आणि दोन सत्रं तुम्ही फुकटात शिकवत बसता. समाजकार्य शिकायचं राहूनच जातं.

मी चार सत्रं अशी वाटून घ्यायला सांगेन. पहिलं सत्र वस्तीत किंवा ग्रामपंचायतीत, जिथे अपंगत्व हा विषयच नाही : रेशन, पाणी, दारू, बचतगट. दुसरं जिल्हा रुग्णालयात, शक्यतो जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात. २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या आणि शाळांतली मुलं तपासून पुढे पाठवतात. ती मुलं तिथपर्यंत पोचतात का आणि नाही पोचली तर कुठल्या एसटीला चुकली, हे तिथल्या बाकावर बसल्याशिवाय कळत नाही. तिसरं सत्र बालकल्याण समिती, बालगृह किंवा १०९८ या बाल हेल्पलाइनशी जोडलेल्या कामात. चौथ्याला खुशाल शाळेत जा, पण सर्वसाधारण जिल्हा परिषद शाळेत आणि शिकवायला नाही : पालकांचा गट बांधायला.

तिसऱ्या सत्राचा आग्रह का धरते, ते सांगते. बालकल्याण समितीच्या सदस्यत्वासाठी बाल न्याय कायद्याने ज्या पदव्या सांगितल्यात त्यात समाजकार्य आहे आणि दिव्यांग मुलांचं विशेष शिक्षणही आहे. आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायदा, २०१२ नुसार दिव्यांग मुलाचा जबाब घेताना विशेष शिक्षकाची मदत घेता येते. न बोलणाऱ्या मुलीला जे झालं ते पोलिसांपुढे सांगायचं असतं, तेव्हा तिची चित्रं, तिच्या खुणा, तिचं 'हो' कसं दिसतं हे जाणणारं माणूस लागतं. त्याच वेळी तिच्या आईला धीर द्यायचा असतो आणि घरातला दबाव ओळखायचा असतो. दोन्ही शिक्षणं एकाच खोलीत, एकाच तासाला लागतात अशी दुसरी जागा मी पाहिलेली नाही.

इथेच गोपनीयतेचा पेच येतो. एमएसडब्ल्यूत शिकवतात : घराने विश्वासाने सांगितलेलं बाहेर जाऊ द्यायचं नाही. बरोबर. पण मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शंका असेल तर ती कळवणं पोक्सोत प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. पहिल्या गृहभेटीतच आईला साध्या शब्दांत सांगून ठेवा : "ताई, तुम्ही सांगाल ते माझ्यापाशी राहील. फक्त लेकराच्या जिवाला, अब्रूला धोका असला तर मला गप्प राहता यायचं नाही."

दोन वह्यांची एक फाइल

आयईपीत उद्दिष्ट कसं लिहितात ते विशेष शिक्षकांना ठाऊकच असतं : 'तीन महिन्यांत, पाण्याचं चित्र समोर असताना, १०पैकी ८ वेळा त्यावर बोट ठेवून पाणी मागेल.' मोजता येतं, तारीख आहे. समाजकार्याच्या केस-नोंदीत दुसरंच असतं : कुटुंबाची पिढ्यांची आकृती, कोण कमावतं, कोण कोणाशी बोलत नाही, शेजार कसा, कर्ज कोणाचं. या दोन गोष्टी वेगवेगळ्या फायलींत राहिल्या की एकमेकींना काही सांगत नाहीत.

मी आयईपीच्या प्रत्येक उद्दिष्टासमोर तीन जादा रकाने आखते. पहिला : हे घरी कोण करून घेणार आणि किती वाजता. दुसरा : कशामुळे मोडेल. तिसरा : मोडायच्या आधी कोणाला भेटायचं. वरच्या मुलाचं पान मग असं होतं. घरी कोण : आजी, संध्याकाळी चूल पेटवताना, चित्रपट्टी माठाच्या वरच्या खुंटीला. कशामुळे मोडेल : ऑक्टोबरअखेरचं स्थलांतर आणि गोळ्या संपणं. कोणाला भेटायचं : दसऱ्याच्या आत मुख्याध्यापकांना हंगामी वसतिगृहासाठी, आशाताईंना तीन महिन्यांच्या गोळ्यांसाठी, आणि मूल आईबापांबरोबर जाणारच असेल तर शिक्षण हमी कार्डासाठी, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्याला बसता येईल. कार्डासोबत आयईपीचं एकच पान द्या, चार ओळींचं. तिथल्या गुरुजींना चाळीस पोरं असतात, तुमचा बारा पानी अहवाल ते वाचणार नाहीत.

हे करताना एक गोष्ट मला उशिरा उमगली. आपण गृहभेटीत 'पालक सहकार्य करत नाहीत' असं लिहितो. हे वाक्य माझ्या सहा वर्षांच्या नोंदींत पानापानावर आहे आणि त्यातलं बहुतेक चूक आहे. ज्या आईला पहाटे चारला फडात जायचं आहे तिला मी रोज अर्धा तास फ्लॅशकार्ड घ्यायला सांगत होते. असहकार नव्हताच तो, माझं उद्दिष्टच तिच्या दिवसात बसत नव्हतं. आता भाकरी मोजणं, चुलीत घालायच्या काटक्या लहान-मोठ्या लावणं, कोंबड्या कोंडताना 'आत-बाहेर', असंच लिहिते.

फाइलच्या मागच्या कप्प्यात कागद. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, सगळ्यात आधी. ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच बहुतेक योजना उघडतात. समग्र शिक्षा या सरकारच्या शालेय योजनेतून प्रवास व मदतनीस भत्ता, मुलींना दरमहा २०० रुपयांचा प्रोत्साहन भत्ता. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाचा 'निरामय' विमा, वर्षाला एक लाखापर्यंत. त्यात उपचारपद्धतींचा खर्चही बसतो, हे फार थोड्या पालकांना माहीत असतं. फॉर्म तुम्ही भरून देऊ नका. आईला शेजारी बसवून भरा, पुढच्या वर्षी नूतनीकरण तिलाच करायचं आहे.

कायदा किती वाचायचा

थोडा, पण मूळातून. शिक्षण हक्क कायदा, २००९ सहा ते चौदा वयाला लागू आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ ने ठरावीक प्रमाणाचं दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी मोफत शिक्षणाची मर्यादा अठरापर्यंत ठेवली आणि दिव्यांगत्वाचे प्रकार २१ केले. तीव्र अक्षमतेच्या मुलाला घरच्या घरी शिक्षण घ्यायचा पर्याय आहे, पण तो मुलाचा हक्क आहे, शाळेची सुटका नाही. "याला घरीच शिकवा" असं शाळेने म्हटलं तर लेखी मागा. सहसा तिथेच विषय थांबतो.

सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे प्रकरणात २०२१ साली सर्वसाधारण शाळांसाठी प्राथमिक स्तरावर १० विशेष गरजांच्या मुलांमागे एक विशेष शिक्षक आणि त्यावरच्या स्तरावर १५ मुलांमागे एक असं प्रमाण सांगितलं आणि मार्च २०२५मध्ये राज्यांना पदं मंजूर करायला सांगितली. नोकरीच्या दृष्टीने नजर ठेवायची ती इथे. सध्या तालुक्यात फिरणाऱ्या विशेष शिक्षकांपैकी बरेच जण वर्षानुवर्षं कंत्राटावर काम करत आले आहेत.

लघुप्रबंध

एमएसडब्ल्यूच्या शेवटच्या वर्षी संशोधन असतं. 'दिव्यांग मुलांच्या पालकांच्या समस्या : एक अभ्यास' हा विषय कृपा करून घेऊ नका. अशा शीर्षकांनी कपाटं भरलेली आहेत. आपल्या जुन्या आयईपी फायली काढा, घरच्यांची परवानगी घ्या आणि एकच प्रश्न विचारा. उदाहरणार्थ, जी उद्दिष्टं घरी टिकली ती दिवसाच्या कुठल्या वेळेला बांधलेली होती? तीस घरं पुरतात.

परदेशी जायचं असेल तर

अमेरिकेत समाजकार्य आणि विशेष शिक्षण यांच्या जोडपदव्या मिळतात. दोन्हीकडचे काही विषय सामाईक धरले जातात, त्यामुळे वेळ वाचतो. तिथे समाजकार्याच्या मान्यताप्राप्त पदव्युत्तर अभ्यासक्रमात किमान ९०० तासांचं क्षेत्रकार्य लागतं आणि शिकवण्याचा परवाना राज्यागणिक वेगळा असतो. ज्या राज्यात राहणार त्याच राज्याचे नियम आधी वाचा. आपल्याकडच्या कामाचे तास, पर्यवेक्षकाच्या सहीने, तारीखवार लिहून ठेवलेले असतील तर अर्ज करताना सोपं जातं.

नोकरी

'विशेष शिक्षक व समाजकार्यकर्ता' असं एकच पद जाहिरातीत क्वचित दिसतं. अर्ज कुठल्या तरी एकावर करायचा असतो. विशेष शाळा, गटसाधन केंद्र, रुग्णालयातलं बालविकास केंद्र, स्वयंसेवी संस्था : मुलाखतीत पदव्यांची यादी वाचून दाखवू नका, नावं झाकलेली एक फाइल पुढे ठेवा. माझ्या मुलाखतीत मॅडमनी बाकी काही विचारलं नाही, त्या माठावरच्या खुंटीबद्दल वीस मिनिटं बोलत होत्या.

आणि एमएसडब्ल्यूच्या धबडग्यात आरसीआयची नोंदणी विसरू नका. ती पाच वर्षांची असते, नूतनीकरणाला मान्यताप्राप्त कार्यशाळांचे गुण लागतात आणि ते गुण एका आठवड्यात जमत नाहीत. क्षेत्रकार्यातल्या कार्यशाळा त्यात धरत नाहीत. पहिल्या सत्राच्या सुट्टीत एक आणि तिसऱ्याच्या सुट्टीत एक अशा दोन करून टाका, प्रमाणपत्रांचे फोटो काढून ठेवा आणि मुदतीची तारीख नोंदणीच्या कागदावरच लाल पेनाने लिहा.